सुर्खाब आणि त्याचा भाऊबंद

'क्या उसमें सुर्खाब के पर लगे हैं?' हे वाक्य तुम्ही अनेकदा ऐकले असेल. पण हा सुर्खाब तुम्ही पाहिला आहे का? मराठीत त्याला चक्रवाक म्हणतात. हे एक जंगली बदक आहे.

चक्रवाक हिवाळ्यात महाराष्ट्रात येतो. पैठणचा जायकवाडी जलाशय आणि भीमा नदीवरील उजनी जलाशय येथे तो दिसतो. त्याचे अंग नारिंगी-तपकिरी असते व डोके फिकट असते. चोच, पाय आणि शेपटी काळी असते. लडाख आणि तिबेटच्या उंच प्रदेशात तो अंडी घालतो. हिमालय ओलांडताना हे पक्षी सुमारे 6800 मीटर उंचीपर्यंत उडतात, असे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले.

त्याचा एक भाऊबंद आहे. हिंदीत त्याला शाह चकवा म्हणतात. त्याचे अंग पांढरेशुभ्र, डोके काळपट हिरवे, चोच लाल आणि छातीभोवती तांबूस पट्टा असतो. महाराष्ट्रात तो क्वचितच दिसतो.

रंग इतके वेगळे, मग हे भाऊबंद कसे? ते उडताना पाहा. दोघांच्याही पंखांवर पांढरा भाग आणि चमकदार हिरवा पट्टा दिसतो. दोघेही उघड्यावर घरटे न करता बिळात किंवा कपारीत अंडी घालतात. त्यांची जात वेगळी असली, तरी प्रजाती एकच आहे.

मात्र त्यांचे अन्न वेगळे आहे. चक्रवाक काठावरचे गवत, कोवळे कोंब आणि धान्य खातो. शाह चकवा खाऱ्या पाण्याजवळच्या चिखलात चोच फिरवून बारीक गोगलगायी व किडे वेचतो.

चक्रवाकाची जोडी रात्री एकमेकांपासून दूर होते व रात्रभर हाका मारते, अशी जुनी कल्पना आहे. खरे तर हे पक्षी रात्रीही चरतात आणि चरताना आवाज देतात.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यांच्या शिकारीला बंदी आहे. पण तेवढे पुरेसे नाही. तलावाचा काठ बुजवला, तर चक्रवाक उपाशी राहील. समुद्रकाठचा चिखल बुजवला, तर शाह चकवा उपाशी राहील. दोघांना वाचवायचे असेल, तर दोन्ही जागा राखल्या पाहिजेत.

स्वाध्याय
1. चक्रवाक आणि शाह चकवा यांच्यातील दोन साम्ये सांगा.
2. दोघांच्या अन्नात कोणता फरक आहे?
3. तुमच्या गावाजवळच्या तलावावर कोणते पक्षी येतात? पाच वाक्ये लिहा.