इन्सुलिनचे अ‍ॅप आणि लाल टोपणाची सिरिंज

मोबाईल अ‍ॅप तयार करणे हे आता फक्त पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचे काम राहिलेले नाही. 'मधुमेही रुग्णांसाठी इन्सुलिनचे अ‍ॅप हवे' एवढे एक वाक्य एआयला सांगितले, की सोलापुरातल्या एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही काही मिनिटांत पूर्ण आराखडा मिळतो. स्क्रीन किती, माहिती कुठे साठवायची, परवानग्या कोणत्या मागायच्या, हे सारे त्यात असते. पुढचा कोडही तेच साधन लिहून देते: अँड्रॉइडसाठी कोटलिन भाषेत, आयफोनसाठी स्विफ्टमध्ये. त्या-त्या फोनसाठी खास लिहिलेल्या अशा अ‍ॅपला 'नेटिव्ह अ‍ॅप' म्हणतात. नेट नसतानाही चालणे, गजर वाजवणे, ग्लुकोमीटरशी जोडले जाणे या गोष्टी त्याला चांगल्या जमतात.

प्रश्न आहे तो आराखड्यात जे लिहिलेले नसते त्याचा.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन प्रकारच्या मिळतात. एका प्रकारात दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, दुसऱ्यात १००. सरकारी रुग्णालयांत ४० ची बाटली सर्रास दिसते. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. अमेरिका-युरोपात ४० ची बाटली केव्हाच मागे पडली. एआय ज्या मजकुरावर शिकले त्यातला मोठा भाग तिकडचा आहे. त्यामुळे 'तुमची सिरिंज कोणती?' हा प्रश्न आराखड्यात येईलच याची खात्री नाही. १०० ची बाटली घेऊन लाल सिरिंज २० च्या खुणेपर्यंत भरली, तर शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात, म्हणजे अडीच पट. मग घाम, थरथर, भ्रम आणि वेळीच साखर मिळाली नाही तर बेशुद्धी.

उपवासाचेही तसेच. आषाढी एकादशीला जिल्ह्यातल्या असंख्य घरांत उपवास असतो. 'आज जेवणार आहात का?' असे न विचारता सकाळी आठला नेहमीचाच डोस घ्यायला सांगणारे अ‍ॅप त्या दिवशी धोक्याचे ठरते.

चूक फक्त यंत्राकडूनच होते असे मात्र नाही. इन्सुलिनचा डोस काढून देणाऱ्या ४६ अ‍ॅपची तपासणी २०१५ मध्ये 'बीएमसी मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४२ अ‍ॅप भरलेला आकडा बरोबर आहे का हे पाहतच नव्हती. २७ अ‍ॅप माहिती अपुरी असतानाही डोस सांगत होती. ३१ अ‍ॅपमध्ये चुकीचा डोस सुचवला जाण्याचा धोका आढळला. ती अ‍ॅप आजच्या एआयच्या आधीची, माणसांनीच लिहिलेली होती. जी चूक करायला तेव्हा काही महिने लागत, ती आता एका दुपारात होऊ शकते, एवढाच फरक.

वापरणाऱ्याचा फोन आणि भाषा हेही आराखड्यात हवे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन कमी क्षमतेचे आणि 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप मराठीत नाही, या त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. सोलापुरात तर मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही घराघरांत बोलली जाते. विडी वळणाऱ्या आजींच्या हाती नातवाचा जुना फोन असतो. बॅटरी वाचवण्यासाठी असे अनेक फोन मागे चालणारी अ‍ॅप बंद करतात आणि गजर वाजतच नाही. हे कागदावर कळत नाही. तो फोन हातात घेऊन चार दिवस पाहावे लागते.

अ‍ॅप प्ले स्टोअरवर आले म्हणजे तपासले गेले, असेही समजू नये. नव्या वैयक्तिक खात्यातून अ‍ॅप आणताना किमान १२ जणांनी ते सलग १४ दिवस वापरून पाहावे, अशी गूगलची अट आहे. डोस बरोबर आहे का, हे त्यातून कळेलच असे नाही. ते काम कायद्याचे. १ एप्रिल २०२० पासून निदान-उपचारासाठीचे सॉफ्टवेअरही आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांच्या नियमांत येते. त्याच वर्षीच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार एआयने स्वतः रुग्णाला सल्ला देणे किंवा औषध लिहून देणे मान्य नाही. शिवाय रुग्णाची माहिती गोळा करायची तर २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही लक्षात घ्यावा लागतो.

म्हणून तरुणांनी अ‍ॅप करूच नयेत असे नाही. एआयकडून आराखडा जरूर घ्यावा, पण त्यालाच उलटा प्रश्नही विचारावा: 'हे अ‍ॅप रुग्णाला कोणकोणत्या मार्गांनी इजा करू शकेल?' आलेली यादी डॉक्टर, परिचारिका आणि दोन-चार रुग्णांना दाखवावी. आठवण आणि साखरेची नोंद एवढेच काम अ‍ॅपला द्यावे, डोस ठरवण्याचे नको.

रुग्णांनीही एवढे पाळावे. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का, हे दर वेळी पाहावे. साखर ७० च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. आणि अ‍ॅप व केसपेपर यांत डोस वेगवेगळा दिसला, तर केसपेपर घेऊन डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई घेऊ नये.