शॅल, मे आणि मस्ट : व्यापारी पत्रातील एका शब्दाची किंमत

इंग्रजी पत्रव्यवहार ही आता फक्त बड्या निर्यातदारांची बाब राहिलेली नाही. मालेगावचा यंत्रमागधारक, भिवंडीचा सायझिंगवाला, सोलापूरचा टॉवेल विणणारा कारागीर, मुंबईत आडतीवर कापड विकणारा व्यापारी, या सर्वांना परप्रांतातील खरेदीदाराशी, वाहतूक कंपनीशी, विमा कंपनीशी आणि बँकेशी इंग्रजीत लिहावे लागते. पत्र असो, ई-मेल असो की मोबाईलवरचा संदेश असो, तंटा उभा राहिला की तोच मजकूर पुरावा म्हणून समोर येतो.

आपल्यापैकी बहुतेकांचे शिक्षण उर्दू किंवा मराठी माध्यमातून झालेले आहे. तरीही मालाचे नाव, भाव, थान, मीटर आणि तारीख आपण बिनचूक लिहितो. घोटाळा होतो तो क्रियापदाच्या आधी येणाऱ्या एका लहानशा शब्दात : शॅल, विल, मस्ट, शुड, मे, माइट, कॅन, कुड, वुड. इंग्रजी व्याकरणात यांना मोडल व्हर्ब म्हणतात. काम कोणते ते मुख्य क्रियापद सांगते. ते काम बंधनकारक आहे, मर्जीचे आहे, शक्य आहे की नुसता अंदाज आहे, हे हा लहान शब्द सांगतो. म्हणजेच जबाबदारी कोणावर आणि किती, याचा निकाल पुष्कळदा याच शब्दावर लागतो.

अडचण कोठे आहे?

मराठीत ‘पाहिजे’ हा एकच शब्द दोन कामे करतो. ‘आपण ३० तारखेपर्यंत पैसे पाठवले पाहिजेत’ हा सल्ला आहे की ताकीद, हे बोलणाऱ्याच्या आवाजावरून कळते. कागदाला आवाज नसतो. इंग्रजीत सल्ल्यासाठी ‘शुड’ आणि ताकिदीसाठी ‘मस्ट’ असे दोन वेगळे शब्द आहेत. तसेच ‘शकतो’चे आहे. ‘आम्ही माल देऊ शकतो’ ही ताकद झाली, ‘माल उशिरा येऊ शकतो’ ही शक्यता झाली आणि ‘तुम्ही माल परत करू शकता’ ही परवानगी झाली. मराठीत तिन्हींना एकच शब्द पुरतो. व्यापारी इंग्रजीत मात्र ताकदीला ‘कॅन’, शक्यतेला ‘मे’ किंवा ‘माइट’ आणि परवानगीला ‘मे’ लिहिणे सुरक्षित.

उर्दू शाळेत शिकलेल्यांना येथे एक सोय आहे. वाक्य आधी मनात उर्दूत म्हणून पाहावे. ‘भेजना चाहिए’ असेल तर शुड. ‘भेजना पड़ेगा’ असेल तर विल हॅव टु. ‘भेजना लाज़िम है’ असेल तर मस्ट. ‘भेज सकते हैं’ असेल तर कॅन. ‘भेजने की इजाज़त है’ असेल तर मे. ‘मुमकिन है पहुँच जाए’ असेल तर मे किंवा माइट. एवढी सवय लावून घेतली तरी निम्म्या चुका टळतात.

वायदा करताना

समजा, अस्तराच्या कापडाच्या २०० थानांची ऑर्डर आली आहे आणि खरेदीदाराने माल कधी निघेल असे विचारले आहे. उत्तर पाच प्रकारे देता येते आणि पाचांचे वजन वेगळे आहे.

‘वुई विल डिस्पॅच द गुड्स बाय टेन्थ मार्च.’ हा पक्का वायदा. खरेदीदार यावर पुढचा सौदा करील.

‘वुई कॅन डिस्पॅच बाय टेन्थ मार्च.’ आमची तयारी आहे, एवढेच. खरेदीदाराने होकार कळवल्यावर पुढे ‘विल’चे पत्र यायला हवे.

‘वुई शुड बी एबल टु डिस्पॅच बाय टेन्थ मार्च.’ बहुधा जमेल, पण हमी नाही.

‘वुई मे डिस्पॅच बाय टेन्थ मार्च.’ कदाचित. ‘मे’च्या जागी ‘माइट’ आले तर शक्यता आणखी पातळ होते.

‘वुई वुड डिस्पॅच बाय टेन्थ मार्च.’ हे वाक्य अपुरे आहे. पाठवले असते किंवा पाठवू, पण कशावर अवलंबून? आपल्याकडे ‘वुड’ हा शब्द जास्त अदबीचा वाटतो म्हणून ‘विल’च्या जागी सर्रास वापरला जातो. परदेशी खरेदीदार मात्र तो वाचून पुढची अट शोधत बसतो. सरळ वायदा असेल तर ‘वुड’ टाळावे.

वायद्याला अट असेल तर शब्द ढिला करू नये, अट उघड लिहावी. ‘वुई विल डिस्पॅच विदिन टेन डेज ऑफ रिसीव्हिंग युअर अॅडव्हान्स’ असे लिहिले की आपला शब्दही पक्का राहतो आणि पैसे येईपर्यंत आपण मोकळेही राहतो. हाच नियम उलट बाजूने पाळावा. सूतवाल्याने ‘मे’ लिहिले असेल तर त्याच्या भरवशावर आपण ईदच्या मोसमातील गिऱ्हाइकाला ‘विल’ लिहून देऊ नये.

‘शॅल’ : कायद्याची आणि कराराची भाषा

रोजच्या पत्रात ‘शॅल’ फारसा लागत नाही. कराराच्या मसुद्यात आणि कायद्यात मात्र तो कर्तव्य दाखवतो. माल विक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. त्याच्या कलम १७ मध्ये नमुन्यावरून होणाऱ्या विक्रीचा विचार आहे. पाठवलेला माल प्रतीने नमुन्याशी जुळला पाहिजे आणि खरेदीदाराला दोन्ही ताडून पाहण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे, असे ते कलम सांगते. तेथे ‘शॅल’ आहे. नमुन्याचा तुकडा दाखवून सौदा करणाऱ्या आपल्या कापडबाजाराला हे कलम पाठ असावे. नमुना दाखवून झाल्यावर पत्रात ‘द गुड्स शुड मॅच द सॅम्पल’ असे ढिले वाक्य लिहून खरेदीदार स्वतःच्याच हक्काबद्दल नाहक शंका निर्माण करतो. तेथे ‘शॅल’ किंवा ‘मस्ट’ लिहावे.

दुसरे उदाहरण २००६ सालच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याचे. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे दिलेच पाहिजेत, आणि लेखी करारातही ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, असे कलम १५ सांगते. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. येथेही शब्द ‘शॅल’च आहे. उद्यम नोंदणी असलेल्या कारागिराने वसुलीच्या पत्रात या कलमाचा उल्लेख करताना ‘यू मे पे विदिन फॉर्टीफाइव्ह डेज’ असे लिहिले, तर कायद्याने दिलेला जोर त्याने आपल्याच हाताने काढून टाकला.

‘मे’ : हक्क, परवानगी आणि शक्यता

हा मे महिना नव्हे, पण महिन्याइतकाच लांब पसरलेला शब्द आहे. त्याच १९३० च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे विक्रेत्याने अट मोडली तरी खरेदीदार ती अट सोडून देऊ शकतो. तेथे ‘मे’ आहे, म्हणजे सोडण्याचा हक्क आहे, सोडण्याची सक्ती नाही.

सर्वात जपून राहायचे ते लवादाच्या कलमात. ‘डिस्प्यूट्स शॅल बी रेफर्ड टु आर्बिट्रेशन’ आणि ‘डिस्प्यूट्स मे बी रेफर्ड टु आर्बिट्रेशन’ यांत एकाच शब्दाचा फरक आहे. २००० साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच ‘मे’ असलेले कलम आले. त्या कलमाने पक्षकार लवादाला बांधले जात नाहीत, लवादाकडे जायचे तर त्या वेळी दोघांची नव्याने संमती लागेल, असा निर्णय झाला. लांबच्या कोर्टात खेटे घालण्यापेक्षा पंचांकडे तंटा मिटावा अशी ज्याची इच्छा असेल, त्याने सौद्याच्या कागदावर ‘मे’ आहे की ‘शॅल’ हे सही करण्यापूर्वी पाहावे. न्यायालये कधीकधी संदर्भ पाहून ‘मे’चा अर्थ सक्तीचा आणि ‘शॅल’चा अर्थ सौम्य लावतात हेही खरे. पण ते ठरेपर्यंत वर्षे जातात आणि वकिलाची फी जाते.

‘मे नॉट’ तर दुहेरी धारेचा आहे. ‘द गुड्स मे नॉट रीच बिफोर ईद’ म्हणजे कदाचित पोहोचणार नाही. ‘द बायर मे नॉट रिटर्न कट पीसेस’ म्हणजे परत करण्याची परवानगी नाही. गोंधळ नको असेल तर पहिल्या ठिकाणी ‘माइट नॉट’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘मस्ट नॉट’ लिहावे.

‘मस्ट नॉट’ आणि ‘नीड नॉट’

येथे चूक झाली तर मालच बिघडतो. रंगीत काठाचे कापड प्रोसेस हाऊसला पाठवताना ‘द क्लॉथ मस्ट नॉट बी ब्लीच्ड’ लिहिले तर अर्थ होतो, ब्लीच करू नये. ‘द क्लॉथ नीड नॉट बी ब्लीच्ड’ लिहिले तर अर्थ होतो, ब्लीच करण्याची गरज नाही. म्हणजे केले तरी हरकत नाही. त्यांनी इतर मालाबरोबर ब्लीच केले आणि काठाचा रंग उडाला, तर दोष कोणाला देणार? ‘डू नॉट हॅव टु’ या शब्दांचा अर्थही ‘नीड नॉट’सारखाच, गरज नाही, असा आहे. त्यात मनाई नाही.

निर्यात करणाऱ्यांना हा फरक बँकेतही भेटतो. लेटर ऑफ क्रेडिटला लागू होणारे यूसीपी ६०० हे नियम १ जुलै २००७ पासून अमलात आहेत. त्यांच्या अनुच्छेद १८ प्रमाणे इन्व्हॉइस पतपत्राच्याच चलनात असणे ‘मस्ट’ आहे. इन्व्हॉइसवर सही मात्र ‘नीड नॉट’ आहे. पण पतपत्रातच सही केलेले इन्व्हॉइस मागितले असेल तर सही करावीच लागते. म्हणून पतपत्र हाती आले की त्यातील प्रत्येक ‘मस्ट’, ‘शॅल’ आणि ‘मे’खाली पेन्सिलीने रेघ मारावी. बँक गाठोडे उघडून कापड पाहत नाही, ती फक्त कागद पाहते.

तक्रार आणि वसुलीची पत्रे

झालेल्या गोष्टीबद्दल लिहिताना ‘हॅव’ जोडला की अर्थ बदलतो. ‘यू शुड हॅव कव्हर्ड द बेल्स’ म्हणजे गाठी झाकायला हव्या होत्या, तुम्ही झाकल्या नाहीत. हा सरळ आरोप आहे. ‘द बेल्स मस्ट हॅव गॉट वेट इन ट्रान्झिट’ म्हणजे वाटेत भिजल्या असणार. येथे ‘मस्ट’ सक्तीचा नाही, तो खात्रीचा अंदाज आहे. ‘मे हॅव गॉट वेट’ म्हणजे भिजल्या असतील. विमा किंवा वाहतूक कंपनीला लिहिताना जे डोळ्यांनी पाहिले ते साध्या भूतकाळात लिहावे, उदाहरणार्थ ‘सिक्स बेल्स वेअर वेट’, आणि अंदाज वेगळ्या वाक्यात द्यावा. ट्रकने आलेल्या मालाच्या नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते, हेही लक्षात असू द्यावे.

वसुलीच्या पत्रांची एक शिडी असते. पहिल्या पत्रात ‘कुड यू प्लीज सेंड द पेमेंट’. दुसऱ्यात ‘द पेमेंट शुड रीच अस बाय’ आणि तारीख. तिसऱ्यात ‘द पेमेंट मस्ट रीच अस बाय’ आणि तारीख. पहिल्याच पत्रात ‘यू मस्ट’ लिहिले तर जुने गिऱ्हाईक दुखावते. तिसऱ्या पत्रातही ‘कुड यू’च राहिले तर ते पत्र कोणी मनावर घेत नाही.

लिहिताना पाळायचे नियम

एक, या शब्दांनंतर क्रियापद मूळ रूपातच येते : ‘ही मस्ट पे’ बरोबर, ‘ही मस्ट पेज’ चूक. दोन, मध्ये ‘टु’ येत नाही : ‘मस्ट टु पे’ चूक. तीन, असे दोन शब्द शेजारी येत नाहीत : ‘विल कॅन सेंड’ चूक, ‘विल बी एबल टु सेंड’ बरोबर. चार, काल एकदा पार पाडलेल्या कामासाठी ‘कुड’ वापरू नये. ‘वुई कुड डिस्पॅच फॉर्टी पीसेस येस्टरडे’ वाचून माल निघाला की नाही तेच कळत नाही. ‘वुई डिस्पॅच्ड फॉर्टी पीसेस येस्टरडे’ लिहावे.

इंग्रजी सफाईदार नसले तरी व्यापार अडत नाही. लहान वाक्ये लिहावीत. पत्र पाठवण्यापूर्वी प्रत्येक वाक्यातील हा एक शब्द शोधून स्वतःला विचारावे : हा वायदा आहे, सक्ती आहे, परवानगी आहे की अंदाज? उत्तर देता आले नाही तर ते वाक्य पुन्हा लिहावे. आणि समोरून आलेला करार याच कसोटीवर वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये. घरात इंग्रजी शाळेत शिकणारी मुले-मुली असतील तर त्यांना हा कागद वाचायला बसवावे. त्यांचा अभ्यास होईल आणि आपला सौदा सुरक्षित राहील.