एक बँड, पाच वाटा

१९८६च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 'इनव्हिजिबल टच' हे गाणं पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. बँड जेनेसिस, गायक फिल कॉलिन्स. पुढच्याच आठवड्यात त्याला खाली ढकलून 'स्लेजहॅमर' पहिलं आलं. त्याचा गायक पीटर गेब्रिएल, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी जेनेसिस सोडून गेलेला त्यांचा मूळ गायक. तो गेल्यावर माइकसमोर कोण उभं राहणार, या प्रश्नाचं उत्तर शेवटी बँडच्या ड्रमवादकात सापडलं होतं. तो ड्रमवादक म्हणजे हा फिल कॉलिन्स. अमेरिकेत त्या यादीच्या शिखरावर जेनेसिस एकदाच पोहोचलं आणि गेब्रिएलही एकदाच. या दोन 'एकदाच'मध्ये अंतर होतं फक्त एका आठवड्याचं.

गाजलेल्या बँडमधून कुणी बाहेर पडलं की चाहते हळहळतात, आणि मग त्या माणसाच्या प्रत्येक नव्या गाण्यात जुना बँड शोधत बसतात. जेनेसिसची गोष्ट जितकी खोलात जाऊन पाहावी तितकं मला वाटतं की या शोधात ऐकण्यासारखं बरंच हातचं निसटतं. इथे बाहेर पडलेला माणूस मागे राहिलेल्यांना घडवत राहिला आणि मागे राहिलेल्यांनी एकदा त्याला बुडताना वाचवलं.

सुरुवात शाळेत झाली. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात चार्टरहाउस नावाची जुनी निवासी शाळा आहे. तिथल्या मुलांनी १९६७मध्ये जेनेसिस उभं केलं. त्यात गेब्रिएल होता, कीबोर्डवर टोनी बँक्स होता, माइक रदरफोर्ड होता. कॉलिन्स १९७०मध्ये आला आणि पाठोपाठ गिटारवादक स्टीव्ह हॅकेट. हे दोघे बाहेरचे, त्या शाळेचे नव्हेत. बँडची गाणी लांबलचक असायची, एक तर जवळजवळ तेवीस मिनिटांचं. गेब्रिएल कधी कोल्ह्याचं मुंडकं आणि लाल झगा घालून मंचावर यायचा, तर कधी अंगभर गाठी आलेल्या विचित्र प्राण्याच्या वेशात. १९७४च्या दुहेरी अल्बमची जवळपास सगळी कथा आणि शब्द त्याने एकट्याने लिहिले, संगीत बाकीच्यांनी रचलं. तिथेच फट पडली. त्याच वर्षी त्याची पहिली मुलगी अवघड बाळंतपणातून जन्मली होती. घर आणि बँड यांत ओढाताण चालली होती. १९७५च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये दौरा संपला आणि तो बाहेर पडला.

बँड आता मेला, असं बहुतेकांनी गृहीत धरलं. उरलेल्या चौघांनी बऱ्याच गायकांची चाचणी घेतली, कुणी पटेना. शेवटी कॉलिन्स स्वतःच गायला. १९७६चा 'अ ट्रिक ऑफ द टेल' ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. तिकडे गेब्रिएलने १९७७मध्ये पहिलं एकट्याचं गाणं काढलं, 'सॉल्सबरी हिल'. बाथ शहराजवळ या नावाची खरीच टेकडी आहे. बँड सोडण्याच्या निर्णयावरचं हे गाणं आहे आणि ते सात मात्रांत चालतं, आपल्या रूपक तालाइतक्याच. पण खालचा मोठा ड्रम प्रत्येक मात्रेवर सारखा पडत राहतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला कुठे अडखळल्यासारखं होत नाही. पाय ताल धरतो, आणि सम मात्र अपेक्षेपेक्षा एक मात्रा आधी येऊन उभी राहते. इतकं हसतखेळत चालणारं सात मात्रांचं गाणं रॉकमध्ये मला दुसरं माहीत नाही.

एकटं होण्याने संगीत नेमकं का बदलतं? बँडमध्ये प्रत्येक वाद्याला कुणीतरी धनी असतो. कीबोर्डवाला असला की कीबोर्डला जागा द्यावी लागते, गिटारवाल्याला चार ओळी द्याव्या लागतात, ड्रमवाल्याकडे त्याचा पूर्ण संच असतोच. कुणी मुद्दाम अडवत नाही, तरी गाणं भरत जातं. एकट्या माणसाला मात्र एखादी गोष्ट सरळ काढून टाकता येते. गेब्रिएलने १९७९मध्ये तेच केलं. तिसऱ्या अल्बमसाठी त्याने फर्मान काढलं की कुठल्याही गाण्यात सिंबल वाजणार नाहीत. सिंबल म्हणजे ड्रमसंचावरच्या त्या काशाच्या थाळ्या. रॉकच्या ड्रमवादकाचा एक हात जवळजवळ सतत त्यांच्यावरच असतो. त्या काढून घेणं म्हणजे त्याच्या हाताची सवयच मोडणं.

ड्रम वाजवायला त्याने जुन्या मित्राला, फिल कॉलिन्सला, बोलावलं. जागा होती लंडनचा टाउनहाउस स्टुडिओ, ध्वनिमुद्रक ह्यू पॅडहॅम, निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट. तिथे एक खोली दगडी भिंतींची होती. खोलीच्या वरच्या भागात एक माइक टांगलेला असायचा, पण तो मुद्रणासाठी नव्हता. वादक आत काही बोलला तर काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाला ते ऐकू यावं, एवढंच त्याचं काम. वादक पुटपुटला तरी कळावं आणि ड्रम वाजला तरी कान फुटू नयेत म्हणून त्या माइकच्या वाटेवर एक जबरदस्त कॉम्प्रेसर बसवला होता. मोठा आवाज दाबायचा आणि बारीक आवाज वर उचलायचा, हे कॉम्प्रेसरचं काम. एकदा तो माइक चालू असतानाच कॉलिन्सने ड्रम वाजवायला सुरुवात केली, आणि बाहेरच्या स्पीकरमधून जे आलं ते ऐकून सगळे चकित झाले.

काय आलं होतं ते समजायला दगडी गाभाऱ्यात टाळी वाजवून पाहावी. टाळीचा आघात क्षणभराचा असतो, पण दगडांवर आपटत फिरणारा घुमारा बराच वेळ विरत राहतो. कॉम्प्रेसरने इथे आघात दाबला आणि मागचा घुमारा उचलून जवळजवळ आघाताइतकाच मोठा केला. ड्रम अचानक राक्षसी आकाराचा झाला. आता त्याला दुसऱ्या यंत्राची जोड मिळाली. टाउनहाउसच्या नव्या मिक्सिंग डेस्कवर प्रत्येक माइकच्या वाटेवर नॉइज गेट होता. ठरवलेल्या पातळीखाली आवाज उतरला की तो वाट बंद करतो. घुमारा ऐन भरात असतानाच गेट मिटला की आवाज कापल्यासारखा थांबतो आणि पुढे एकदम शांतता. असा आवाज निसर्गात नाही. एवढ्या मोठ्या खोलीत घुमारा विरायला वेळ लागतोच, आणि इथे खोली प्रचंड, पण विरणं नाहीच. कानाला धक्का बसतो तो या विसंगतीचा.

सिंबलवरच्या बंदीचं मोल इथे कळतं. काशाच्या थाळीवर एक ठोका मारला की ती कित्येक सेकंद झणझणत राहते. त्या कॉम्प्रेसरने ती झणझण उचलून सगळीकडे पसरवली असती, पातळी खाली उतरली नसती आणि गेट नीट मिटलाच नसता. गेब्रिएलचा तो नियम होता म्हणून त्या आवाजाला मोकळी जागा मिळाली. त्या टांगलेल्या माइकचा आवाज मुद्रणात घ्यायची सोयच डेस्कमध्ये नव्हती, म्हणून पॅडहॅमने तारांची जोडणी बदलून घेतली. कॉलिन्सचा तो ठेका अल्बमच्या पहिल्याच गाण्याचा पाया झाला. गाण्याचं नाव 'इंट्रूडर'. १९८०मध्ये आलेला हा अल्बम अटलांटिक या कंपनीने अमेरिकेत काढायला नकार दिला होता. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला. दक्षिण आफ्रिकेत पोलीस कोठडीत मरण पावलेल्या स्टीव्ह बिको यांच्यावरचं गाणंही याच अल्बममध्ये आहे.

त्या वेळी कॉलिन्सच्या घरात कुणी नव्हतं. पहिलं लग्न मोडत होतं. बँक्स आणि रदरफोर्ड आपापल्या एकट्याच्या अल्बममध्ये गुंतले होते. रिकाम्या घरात तो आठ ट्रॅकच्या मुद्रणयंत्रावर, एका साध्या तालयंत्राच्या साथीने गाणी करत बसला. त्यातलं एक 'इन द एअर टुनाइट'. त्याचे बरेचसे शब्द माइकसमोर जागच्या जागी सुचलेले आहेत. पुढे त्याने पॅडहॅमलाच सोबत घेतलं, घरच्या टेप पाया म्हणून वापरल्या आणि टाउनहाउसमधला तो ड्रम या गाण्यात आणला. पण त्याने तो लपवून ठेवला. साडेतीन मिनिटांहून जास्त काळ फक्त तालयंत्राची टकटक, लांबणारे सूर आणि दबलेला गळा. मग अचानक ते प्रसिद्ध ठोके कोसळतात. इतका संयम ठेवण्याचं धाडस मला त्या आवाजाच्या शोधाइतकंच मोठं वाटतं. १९८१च्या या गाण्यानंतर ऐंशीच्या संपूर्ण दशकात पॉप संगीतातला ड्रम याच पद्धतीने वाजत राहिला. बँड सोडून गेलेल्या गायकाच्या हट्टातून बँडमध्ये राहिलेल्या ड्रमवादकाचा स्वतःचा आवाज निघाला.

कर्ज फेडण्याची पाळी लगेचच आली. जगभरचं संगीत एका मैदानात ऐकवायचं, या ध्यासातून गेब्रिएलने काही तरुणांच्या साथीने १९८२च्या जुलैत शेप्टन मॅलेट या गावाजवळ 'वोमॅड' महोत्सव भरवला. बुरुंडीचे ढोलवादक एकीकडे, इंग्लिश रॉक बँड दुसरीकडे. संगीत अप्रतिम झालं, पण पैसा बुडाला. देणेकरी गेब्रिएलच्या मागे लागले. तेव्हा जेनेसिसने एका संध्याकाळपुरतं पुन्हा त्याच्याबरोबर उभं राहायचं ठरवलं. २ ऑक्टोबर १९८२, मिल्टन कीन्सचं खुलं मैदान, भर पाऊस. गेब्रिएलला शवपेटीतून मंचावर आणलं गेलं. शेवटच्या गाण्यांना हॅकेटही आला. त्या एका कार्यक्रमाने वोमॅड तगला. जुन्या गाण्यांच्या जिवावर नवं काम वाचल्याचं याहून सरळ उदाहरण मला सापडलेलं नाही.

आणि ते नवं काम आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचतं. १९८५च्या वोमॅडमध्ये नुसरत फतेह अली खान गायले. १९८९मध्ये गेब्रिएलने 'रिअल वर्ल्ड' ही कंपनी काढली. त्याच वर्षी एका चित्रपटासाठी केलेल्या संगीताचा 'पॅशन' हा अल्बम आला. त्यात नुसरत यांचा गळा आहे आणि एल. शंकर यांचं दुहेरी व्हायोलिनही. पुढे मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवणाऱ्या यू. श्रीनिवास यांचा अल्बमही याच कंपनीने काढला. 'पॅशन'मध्ये गेब्रिएलचा स्वतःचा आवाज फार थोडा आहे. गायक म्हणून ज्याची ओळख, त्याने बाजूला सरकून दुसऱ्यांना पुढे बसवलं. त्याच्या एकट्याच्या कारकिर्दीतलं हे मला सर्वांत उंच शिखर वाटतं, 'स्लेजहॅमर'पेक्षाही उंच.

बाकीच्या तिघांचंही सांगायला हवं. रदरफोर्डने 'माइक अँड द मेकॅनिक्स' हा दुसरा बँडच काढला आणि १९८९मध्ये वडिलांच्या आठवणीतल्या 'द लिव्हिंग इयर्स'ने अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला. हॅकेट १९७७मध्ये बाहेर पडला. नवे अल्बम काढता काढता तो जुन्या जेनेसिसची गाणीही इतक्या निष्ठेने वाजवतो की ती आज मंचावर ऐकायची तर त्याच्याकडेच जावं लागतं. टोनी बँक्सबद्दल मात्र वाईट वाटतं. जेनेसिसच्या संगीताचा कणा त्याने रचला, पण त्याच्या एकट्याच्या अल्बमना गर्दी कधीच लाभली नाही. श्रोता गळा ओळखतो, स्वरांची मांडणी कुणाची हे त्याला माहीत नसतं. २००४मध्ये बँक्सचं वाद्यवृंदासाठीचं, लंडन फिलहार्मोनिकने वाजवलेलं 'सेव्हन' प्रसिद्ध झालं. ते ऐकलं की जेनेसिसमधली ती दीर्घ वळणं कुठून येत होती ते लख्ख कळतं.

जेनेसिसचा अखेरचा कार्यक्रम २०२२च्या मार्चमध्ये लंडनला झाला. मज्जातंतूंच्या दुखण्यामुळे कॉलिन्स खुर्चीत बसून गायला आणि ड्रमवर त्याचा मुलगा निक होता. गेब्रिएल प्रेक्षकांत होता. पुढच्या वर्षी त्याने 'आय/ओ' हा अल्बम आणला. त्याआधीचा त्याचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम २००२चा, म्हणजे मध्ये एकवीस वर्षं गेली. २०२३च्या जानेवारीपासून दर पौर्णिमेला तो एक गाणं प्रसिद्ध करत गेला आणि १ डिसेंबरला पूर्ण अल्बम आला. प्रत्येक गाण्याचं मिश्रण दोन वेगळ्या माणसांनी दोन तऱ्हांनी केलं आहे, एक उजळ आणि एक गडद. गाणं तेच, गळा तोच, पण वाद्यांची अंतरं आणि वजनं बदलली की भावही बदलतो. त्र्याहत्तराव्या वर्षी केलेलं हे काम ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

हे सगळं आज फोनवर सहज ऐकता येतं. चांगले हेडफोन लावा आणि आधी 'इंट्रूडर', लगेच 'इन द एअर टुनाइट', मग 'पॅशन' पूर्ण, अशा क्रमाने ऐका. 'आय/ओ'मधलं कुठलंही एक गाणं निवडून त्याची उजळ आणि गडद अशी दोन्ही रूपं पाठोपाठ लावा. आणि बँक्सच्या 'सेव्हन'साठी एक संध्याकाळ वेगळी राखून ठेवा. त्याला आजवर फार कमी श्रोते मिळाले आहेत.