वालाच्या बिरड्यातलं रसायन

वाल रात्री भिजत घालायचे, उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलत बसायचं. बिरडं करणाऱ्या घरात हा दीड-दोन दिवसांचा व्याप ठरलेला. एवढं करून कच्चा दाणा तोंडात टाकला, तर आजी हातावर चापट मारायची : ‘बाधतील!’

बाधतात म्हणजे काय, याचा माग मुंबईच्या विज्ञान संस्थेतल्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. कमला सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५०च्या दशकात काढला. स्वादुपिंडातून लहान आतड्यात येणारं ट्रिप्सिन हे विकर प्रथिनांचे तुकडे करतं, तेव्हाच ती अंगी लागतात. कच्च्या वालात मात्र असं एक प्रथिन असतं, जे ट्रिप्सिनला घट्ट चिकटून त्याचं काम थांबवतं. मग खाल्लेलं प्रथिन नीट पचत नाही. दाणा शिजला की उष्णतेनं या रोधकाची घडी मोडते आणि त्याचा जोर बहुतांशी संपतो.

कमलाबाई या दुर्गा भागवतांच्या भगिनी. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली, ती वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी या प्रथिनावरच्या कामासाठी. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता, ही गोष्ट सगळे सांगतात. वालाची गोष्ट तितकी सांगितली जात नाही, याचं मला वाईट वाटतं. केंब्रिजहून आलेल्या या बाईंनी प्रयोगशाळेच्या टेबलावर आणलं ते गरिबाचं ताट : कडधान्यं, तांदळाचं पीठ, नीरा. नीरेतली जीवनसत्त्वं आणि लोह त्यांनी तपासलं. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना तिचा उपयोग होतो, हे दाखवलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

त्यांचं शिकवणं वर्गापुरतं राहिलं नाही. १९६६मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी’त त्या काम करत, तिच्या ‘कीमत’ मासिकात ग्राहकांसाठी लिहीत.

हल्ली सॅलडमध्ये कच्ची मोडाची कडधान्यं घालायची पद्धत पडली आहे. मोड आल्यानं रोधक कमी होतो, पण संपत नाही. तेव्हा वाल-पावटे शिजवूनच वाढा. राजमा तर खळखळून उकळल्याशिवाय आणि पुरता मऊ झाल्याशिवाय कुणाच्याही पानात घालू नका.