घोट, वास आणि पारख

नाशिकच्या सुला वाइनरीत २००५ साली टेस्टिंग रूम सुरू झाली. वाइन चाखायची एक रीत असते. ग्लास आधी उजेडात तिरका धरून रंग बघायचा, मग हलकेच फिरवून नाकाजवळ न्यायचा आणि शेवटी छोटासा घोट जिभेवर घोळवायचा. फिरवल्यानं वास मोकळा होतो. चवीतला मोठा वाटा नाकाचाच ना! सर्दी झाली की वरणही सपक लागतं, ते त्यामुळेच. गंमत म्हणजे ज्यांचा हा पेशा आहे, ते एका बैठकीत कितीतरी वाइन चाखतात, म्हणून घोट चक्क थुंकून टाकतात.

मैत्रिणींनो, दारूबंदीसाठी फिरणारी ही बाई वाइनवर का लिहितेय, असं वाटेल तुम्हाला. आमच्या लाखनीत बचत गटाच्या बैठकीत हा थुंकण्याचा किस्सा सांगितला, तर एक जण पटकन म्हणाली, "मंग पेतेत कायले वो ताई?" प्रश्न रास्तच आहे. मोहाची दारू चवीसाठी कोण पितो? जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकायला मंजुरी दिली, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असं बरंच ऐकू आलं. विरोध झाला, निर्णय अमलात आला नाही. वाइनमध्येही साधारण बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतंच. यकृताला रसिकता कळत नाही!

पण म्हणून पारख हे थोतांड आहे का? स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं १७५७ साली अभिरुचीवर निबंध लिहिला. त्यात 'डॉन किहोते'मधल्या सांकोच्या दोन नातलगांची गोष्ट येते. त्यांना एका पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, छान आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणाला, छान, पण लोखंडाची येते. लोक खूप हसले. पिंप रिकामं झालं, तर तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली! चव ज्याची त्याची खरी, तरी काहीतरी वस्तूतही असतं. ते ओळखायला सराव हवा आणि पूर्वग्रह नको, असं ह्यूमचं म्हणणं.

हा पूर्वग्रह भल्याभल्यांना फसवतो. फ्रान्समध्ये बोर्दोला वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी लाल वाइनचेच वास सांगितले! हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारणीच्या मुलाला नोकरी लागली की तिचं लोणचंही आपल्याला जास्त चविष्ट लागतं, तसलाच प्रकार.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात रस समजावताना दाखला जेवणाचाच दिला आहे. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेलं अन्न सुमनस, म्हणजे प्रसन्न मनाचा माणूस जसा आस्वादतो, तसा प्रेक्षक भाव आस्वादतो. आमचा भंडारा जिल्हा धानाचा. भाताची वाफ नाकात गेली की तांदूळ जुना की नवा, हे इथली म्हातारी सासू झाकण न काढता सांगते. चिन्नोरमध्ये दुसरा तांदूळ मिसळला असेल, तर पहिल्याच घासाला ओळखते. तिला कुणी जाणकार म्हणत नाही. वाइनच्या ग्लासात नाक घालणाऱ्याला मात्र लगेच म्हणतात! वाइनवाल्यांकडे वासाचे शब्द कितीतरी आहेत. आमच्या पिढीकडे तांदळासाठी "मस्त वास येते" एवढंच उरलंय. जुन्या बायकांना विचारून असे शब्द मी सध्या वहीत उतरवून घेतेय.