सेवाग्रामची दहावी आणि शेलापागोटी

माघ महिना लागला की सेवाग्रामच्या आसपासची शिवारे ओकीबोकी दिसू लागतात. तूर सोंगून झालेली असते, कपाशीचा शेवटचा वेचा घरी येऊन पडलेला असतो आणि दुपारच्या उन्हाला हळूहळू धार चढू लागलेली असते. याच दिवसांत परिसरातील शाळांतून दहावीच्या निरोप समारंभाची लगबग सुरू होते. नववीची मुले वर्गणी काढतात, पताका लावतात, चिवड्याचा आणि पेढ्यांचा हिशेब करतात. मग बुटांच्या रिकाम्या खोक्याला रंगीत कागद चिकटवून, वर एक चीर पाडून ते खोके कार्यालयाबाहेरच्या बाकावर ठेवले जाते. पुढचे चार दिवस त्या खोक्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या पडत राहतात. चिठ्ठीवर ज्याच्यासाठी ती आहे त्याचे नाव असते. लिहिणाऱ्याचे नसते.

हीच शेलापागोटी. शहरी महाविद्यालयांत त्यांना ‘फिशपाँड’ म्हणण्याची रीत पडली, तरी मराठी शब्दाची ऐट त्याला नाही. शेला आणि पागोटे ही मुळात सन्मानाची वस्त्रे. विद्वानाला, व्याह्याला, पेढीवरच्या जुन्या माणसाला ती द्यावयाची. शाळकरी पोरांनी तोच शब्द उचलला आणि थट्टेच्या दोन ओळींना दिला. पण थट्टा करावयाची म्हणजे आधी माणूस नीट पाहावा लागतो, आणि दहा वर्षे एका बाकावर बसलेल्यांनी एकमेकांना पाहिले असते तितके क्वचितच कोणी पाहिलेले असते.

या गावाला तर दुसऱ्याने ठेवलेल्या नावाचे नवल वाटण्याचे कारणच नाही. गांधीजी १९३६ साली येथे राहावयास आले तेव्हा हे सेगाव होते. गजानन महाराजांचे शेगाव आगगाडीच्या वाटेवर असल्याने येथली पत्रे तेथे जाऊन पडत. अखेर १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. टपालाच्या घोळातून एवढे भारदस्त नाव मिळालेले दुसरे गाव सापडणे कठीण.

आता खोक्यातल्या चिठ्ठ्यांकडे वळू. पुढील चित्रे कोणा एका वर्षाच्या वर्गातील नव्हेत. या पट्ट्यातील कोणत्याही दहावीत ती थोड्याफार फरकाने भेटतात.

पहिला मान किराणा दुकानदाराच्या मुलाचा. तूरडाळ एकशे साठ रुपये किलो असेल तर साडेतीनशे ग्रॅमचे छप्पन्न रुपये होतात, हे गिऱ्हाइकाने पिशवी उघडण्यापूर्वी त्याने सांगितलेले असते. पावकी, निमकी, दिडकी हे पाढे शाळेने केव्हाच सोडले. त्याच्या आजोबांनी सोडले नाहीत. मात्र बीजगणिताच्या पेपरात त्याची गाडी अडते. उत्तर बरोबर असते, पण ‘समजा, डाळीची किंमत क्ष मानू’ ही ओळ लिहिणे त्याला अंतःकरणापासून पटत नाही. किंमत ठाऊक असताना ती क्ष का मानावी? परीक्षकाला पायऱ्या हव्या असतात. त्यामुळे चारांपैकी एक गुण मिळतो आणि घरी ‘तू हिशेबात कच्चा आहेस’ हे ऐकून घ्यावे लागते. त्याचे शेलापागोटे ठरलेले: ‘उत्तर आधी, गणित नंतर, पायरी मात्र गाळली निरंतर.’ त्याच्या डब्यात कांदा-बटाटा नसतो. तरीही मधल्या सुट्टीत सर्वांत आधी लुटला जातो तो त्याचाच डबा. त्यातल्या खाखऱ्यांची कीर्ती आठवीपर्यंत पोहोचलेली असते.

दुसरी बसने येणारी मुलगी. शाळकरी मुलींना एसटीचा प्रवास मोफत असल्यामुळे तिच्या गावातून दहावीपर्यंत पोहोचलेल्या मुलींची संख्या वाढली. बस वेळेवर येण्याची सोय मात्र कोणत्याच योजनेत नाही. राष्ट्रगीत संपते, प्रतिज्ञा संपते, प्रार्थनेचे शेवटचे कडवे चालू असते, आणि फाटकातून दप्तर सावरीत ती आत शिरते. कोणत्या फेरीला कोणता वाहक, कोणता चालक थांब्याच्या पुढे जाऊन गाडी उभी करतो, पावसात कोणत्या खिडकीतून पाणी गळते, हे तिला तोंडपाठ. इतिहासाचे अर्धे पुस्तक तिने उभ्याने वाचून काढले आहे. वर्गाने तिला ‘एसटी महामंडळाची मानद वाहक’ ही पदवी दिली. ती खरोखर पहाटे पाचला उठून पाणी भरून निघते, हे चिठ्ठीत कोणी लिहीत नाही. वर्गाला ते माहीत असते, म्हणून उशिराबद्दल तक्रारही कोणी करीत नाही.

तिच्या शेजारी बसणारी दिवाळीनंतर अधूनमधून गैरहजर असते. हजेरीपटावर नुसता ‘गै’ दिसतो. शिवारात मात्र तिच्या ओढणीच्या झोळीत कापूस साठत असतो. गाठोडे हाताने तोलून ती वजन सांगते, आणि दुकानदाराच्या मुलाने काट्यावर टाकले तर फरक फार तर पावशेराचा निघतो. या दोघांची पैज हा वर्गाचा वार्षिक सोहळाच. काळ्या मातीवर दोन गुणांचा प्रश्न आला की तिने पानभर लिहावे, इतके तिला ठाऊक आहे. पण पुस्तकात दोनच ओळी आहेत, म्हणून ती दोनच लिहिते. याचा दोष तिला द्यावा की पुस्तकाला?

मॉनिटर हे पद भूषविणारी कन्या वर्गात बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिते. वर्षअखेर लक्षात येते की ती नावे बहुतेक तिच्याच मैत्रिणींची होती, कारण त्या तिच्याशीच बोलत होत्या. शेवटच्या बाकावरचा चित्रकार विज्ञानाच्या वहीत फुलाचा उभा छेद असा काढतो की वनस्पतीनेही मान डोलवावी. फक्त भागांना नावे देणे त्याच्या तत्त्वात बसत नाही. क्रिकेटवीर, कवी, पेन मागून परत न देणारा, ही मंडळी सर्वत्र सारखीच असल्याने त्यांच्यावर शाई खर्च करण्याचे कारण नाही.

हसून झाल्यावर एक गोष्ट मात्र खटकते. या चिठ्ठ्यांत जे आहे त्यातले काहीच नंतरच्या गुणपत्रिकेत येत नाही. नागपूर विभागीय मंडळाकडून येणाऱ्या त्या कागदावर सहा विषय असतात, त्यांतल्या उत्तम पाचांची बेरीज पाचशेपैकी मांडलेली असते. वजन ओळखणारा हात, पहाटेचे पाणी, तोंडी हिशेब यांना तेथे रकाना नाही. आणि त्या एका आकड्यावर घरोघरी निर्णय होतात: मुलगा दुकानात बसणार की शास्त्र शाखेला जाणार, मुलगी वर्ध्याला जाणार की घरीच राहणार. व्यापारी घराण्यांत हा निर्णय तर पुष्कळदा निकालाच्याही आधी, दिवाळीच्या वहीपूजनालाच होऊन गेलेला असतो.

असा रकाना असावा, हा विचार याच परिसरात एकदा मोठ्या हिमतीने मांडला गेला होता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. व्यापाऱ्यांच्या देणग्यांवर उभ्या राहिलेल्या शाळेच्या छपराखाली, शिक्षण केवळ पुस्तकी नसावे, ते हातांच्या उद्योगातून द्यावे, असा विचार मांडला गेला, ही गोष्ट वर्ध्याच्या पेढ्यांना भूषणावह आहे. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्यावरून अभ्यासक्रम तयार केला. समितीत विनोबा होते, काकासाहेब कालेलकर होते, वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू होते, आणि परिषदेत शंका उपस्थित करणारे अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा हेही होते. विरोधकाला समितीत घेण्याची ही रीत अलीकडे दुर्मीळ झाली आहे. १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सिलोनहून आलेले आर्यनायकम् व त्यांच्या पत्नी आशादेवी यांनी सेवाग्रामात शाळेचा संसार मांडला. दोघेही शांतिनिकेतनात रवींद्रनाथांच्या सहवासात राहिलेले होते.

या शाळेत गणित तकलीवरून सुरू होई. चार फुटांचा एक तार, एकशे साठ तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. गुंडी झाली किती फुटांची, कापूस लागला किती, वाया गेला किती, हे मुलाने स्वतः मोजून लिहावयाचे. दुकानदाराच्या मुलाला येथे पायऱ्या गाळण्याची संधीच मिळाली नसती; पायऱ्या त्याच्या बोटांतून निघाल्या असत्या. शेवटच्या बाकावरच्या चित्रकारालाही येथे जागा होती. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ पासून अनेक वर्षे सेवाग्रामात मुलांना चित्रकला शिकवीत होते आणि कला हा शिक्षणाचा पाया आहे, हे त्यांनी पुढे ग्रंथातून मांडले. मुले रोजच्या कामाची नोंदवही ठेवीत. स्वयंपाक, सफाई, सूतकताई, भाजीचे वाफे, सारे त्यात येई. गुणपत्रिका म्हणावी तर तीच.

त्या शाळेच्या एका विद्यार्थ्याचे चित्र त्याने स्वतःच रेखाटले आहे. डॉ. अभय बंग यांनी आपल्या बालपणीच्या या शाळेविषयी लिहिताना गोठ्यातील टाक्याची गोष्ट सांगितली आहे. गाईंसाठी पाण्याचे टाके बांधावयाचे होते. ते केवढे असावे? प्रश्न मुलांपुढे ठेवला गेला. मग गाय दिवसाला किती पाणी पिते, हे पाहण्यापासून आरंभ. त्यावरून टाक्याचे घनफळ, त्यावरून लांबी-रुंदी-खोली, त्यावरून विटा. घनफळाचे सूत्र अशा रीतीने गाईच्या तहानेतून निघाले. एखाद्या वर्गमित्राने त्या वेळी ‘गाय पाणी पिते, अभय मोजतो’ असे शेलापागोटे का दिले नाही, हे कोडेच आहे.

त्यांच्या घरची आणखी एक हकिकत प्रसिद्ध आहे. वडील ठाकुरदास बंग हे वर्ध्यातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक. अमेरिकेला उच्च शिक्षणासाठी निघण्यापूर्वी ते गांधीजींचा निरोप घ्यावयास सेवाग्रामला गेले. अर्थशास्त्र शिकावयाचे तर भारतातील खेड्यांत जा, असे गांधीजींनी सुचविले आणि प्राध्यापकांनी परदेशाचा बेत सोडला. अशा घरातले दोन भाऊ, थोरला अशोक सोळा वर्षांचा आणि धाकटा अभय तेरा वर्षांचा, एके दिवशी सायकलवरून जाताना मोठेपणी काय करावयाचे याची वाटणी करून मोकळे झाले. खेड्यात अन्न कमी आहे, ते थोरल्याने पाहावे. आजार फार आहेत, ते धाकट्याने. त्या वयातल्या बोलण्याला फारसे कोणी महत्त्व देत नाही. हे दोघे मात्र शब्दाला जागले. अशोक बंग वर्ध्याकडेच शेतीच्या कामात रमले. अभय बंग नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन, पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह १९८६ मध्ये गडचिरोलीला गेले. तेथे ‘सर्च’ ही संस्था उभी राहिली आणि खेड्यातल्या बायांना शिकवून नवजात बाळे घरीच वाचविण्याची पद्धत तेथून जगभर गेली. मोजण्याची सवय येथेही सुटली नाही: गावोगावी किती बाळे जन्मली आणि किती दगावली, हे आधी मोजले गेले, उपाय नंतर.

अशी उदाहरणे सांगताना एक बाजू लपवू नये. त्या जुन्या शाळेच्या मुलांना सरकारी परीक्षेचा कागद नसे आणि विद्यापीठांची दारे त्यांच्यासाठी सहज उघडत नसत. पालकांना हे परवडेनासे झाले. कालांतराने शाळा बंद पडली. २००५ मध्ये नई तालीम समितीने ‘आनंद निकेतन’ या नावाने ती पुन्हा सुरू केली. आता तेथे वाफेही आहेत, तकलीही आहे, आणि दहावीला मंडळाची परीक्षाही आहे. रकाना आणि आकडा यांनी एकाच घरात नांदावे, अशी ही तडजोड. व्यापारी माणसाला तडजोडीचे मोल कळते, त्यामुळे तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

निरोपाच्या आदल्या रात्री खोके वर्गशिक्षिकेच्या घरी जाते. कोणाला लागेल असे काही असेल तर ते त्या बाजूला काढतात, आणि मग पटावरच्या नावांशी चिठ्ठ्या ताडून पाहतात. दरवर्षी एखादे नाव असे निघते की ज्याच्यासाठी खोक्यात एकही चिठ्ठी नाही. ना गुण जास्त, ना फार कमी. कोणाशी भांडण नाही, कोणाशी विशेष मैत्रीही नाही. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात त्याच्या नावापुढे ‘समाधानकारक’ असा शेरा असतो, जो शेरा कोणाचेच समाधान करीत नाही. बाई बराच वेळ विचार करतात. मग आठवते की वर्गाबाहेरचा पाण्याचा रांजण गेल्या दोन उन्हाळ्यांत कधी रिकामा सापडला नव्हता, आणि तो भरण्याची पाळी कोणाची, हे कधी ठरविलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांची शेलापागोटी वाचून होतात, हशा पिकतो, मॉनिटर रुसते, चित्रकार खोक्यावरच काहीतरी काढू लागतो. मग शेवटची चिठ्ठी निघते: ‘रांजण रोज भरलेला, भरणारा कोण, ते पाणी पिणाऱ्यांनी सांगावे.’ क्षणभर कोणालाच सुचत नाही. मग बसने येणारी मुलगी, जी सकाळी धावत येऊन सर्वांत आधी पाणी पिते, ती मागे वळून एका बाकाकडे पाहते आणि तिच्यामागून सारा वर्ग पाहतो. त्या बाकावरचा मुलगा कानापर्यंत लाल झालेला असतो. अक्षर डाव्या हाताने लिहिल्यासारखे वेडेवाकडे असते. पण दुकानदाराच्या मुलाने ती चिठ्ठी उजेडात धरलेली असते, आणि ‘र’ची ती लांब शेपटी दहा महिने फळ्यावर पाहिल्यामुळे त्याने ती ओळखलेली असते. तो काही बोलत नाही. चिठ्ठीची नीट घडी घालून ज्याची त्याला देतो आणि चिवड्याच्या रांगेत जाऊन उभा राहतो.