खारा वारा आणि मुंबईचा धूर

ज्या शहराच्या दारांतच समुद्र आहे, त्या शहरास धुराची काय चिंता, असा पुष्कळांचा समज असतो. मुंबईसंबंधानें तर तो फारच दृढ आहे. हा समज कितपत खरा, हें वाऱ्याच्या नित्यक्रमावरून ताडून पाहतां येतें.

जमीन लवकर तापते व लवकर निवते. समुद्राचें पाणी दोन्ही गोष्टी सावकाश करतें. माध्यान्हीच्या सुमारास जमिनीवरील हवा तापून व हलकी होऊन वर चढूं लागते, आणि तिची जागा घेण्यासाठीं समुद्रावरील गार हवा किनाऱ्याकडे धांवते. हाच खारा वारा. रात्रीं जमीन समुद्राहून अधिक थंड होते व वारा उलट वाहूं लागतो. त्यास मतलई वारा म्हणतात. कोळ्यांच्या शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारीं खाऱ्या वाऱ्यावर घरीं परतत.

होड्यांप्रमाणें धुराचीहि ये-जा होते. मुंबईचा समुद्र पश्चिमेस असल्यामुळें दुपारचा वारा वाहनांचा धूर व बांधकामांची धूळ पूर्वेकडे, ठाण्याच्या खाडीपलीकडे लोटतो. शहरास मोकळा श्वास मिळतो खरा. परंतु धूर नाहींसा झालेला नसतो, तो शेजाऱ्याच्या दारीं गेलेला असतो. रात्रीं वारा उलटला, कीं त्यांतील कांहीं भाग परत येतो, आणि पूर्व किनाऱ्यावरील माहूल, तुर्भे या बाजूच्या कारखान्यांचा धूरहि शहराकडे वळतो. शिवाय खाऱ्या वाऱ्याची गार हवा जमिनीलगत थोड्या उंचीपर्यंतच पसरते. तिजवर ऊन हवा झांकणासारखी बसते व खालचा धूर कोंडला जातो.

हिवाळ्यांत तर खारा वारा उशिरां सुटतो व दुबळा असतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यांत मुंबईची हवा कित्येक दिवस अतिशय दूषित होती. त्या काळीं वाऱ्यांचा नेहमींचा क्रम बिघडला होता, आणि शास्त्रज्ञांनीं त्याचा संबंध दूरच्या प्रशांत महासागराचें पाणी थंड करणाऱ्या 'ला निना'शीं जोडला. ज्या वाऱ्यावर भिस्त ठेवावयाची, तो असा परस्वाधीन आहे. इकडे २.५ मायक्रॉनहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्शाहूनहि लहान असे कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत पोंचतात. बालकांस व वृद्धांस त्यांची बाधा विशेष होते.

१९१२ सालीं मुंबईंतील धुराच्या उपद्रवास आळा घालण्यासाठीं कायदा करण्यांत आला. समुद्र तेव्हांहि होता व खारा वाराहि वाहत होता. तरी केवळ त्यांवर विसंबून भागलें नाहीं. वारा केर लोटतो, उचलून नेत नाहीं. धूर जेथें उत्पन्न होतो तेथेंच तो आवरला पाहिजे.